जहाजाचा आहेर

“उचललेले आहेत, उघड आहे,” मुलाचे मामा मुलाला इंग्रजीत म्हणाले.

मी तेव्हा पाण्याचे पेले ठेवलेलं ताट घेऊन पडद्याच्या आतल्या बाजूला उभी होते. पडदा बाबांच्या दुकानातल्या चादरीचा होता, चांगला जाड; पण इंग्रजी त्यातून नीट ऐकू आलं. फटीतून दिसत होतं ते असं: मामांनी हातातला चमचा उलटा करून खिडकीच्या उजेडात धरला होता आणि मुलगा तो बघत होता. बाहेर बसलेल्या बाकीच्यांना ते वाक्य कळण्याची भीती त्यांना नव्हती. बाबांचं इंग्रजी पावत्यांपुरतं. मुलाची आई वैरागची. भावानं इंग्रजी सुरू केलं तशी ती पंख्याकडे बघत बसली होती. मुलगी कॉन्व्हेंटात शिकली आहे हे त्यांना माहीत होतं, त्यासाठीच तर ते आले होते. पण मुलगी अजून बाहेर यायची होती, आणि न आलेल्या मुलीला कान असतील हे त्यांच्या ध्यानात आलं नसावं.

मुलगा हसला. मोठ्यानं नाही, नाकातल्या नाकात. मी ते ध्यानात ठेवलं.

माझ्या मागं आत्या स्टोव्हपाशी बसून शिऱ्यावर तूप सोडत होती. तिनं मान वर केली. “काय म्हणत्यात गं? चमच्याचं कायतरी म्हणाले न्हवं?”

“छान आहेत म्हणाले.”

“म्हणणारच की,” आत्या म्हणाली आणि आणखी थोडं तूप सोडलं.

ते चमचे आत्याचे होते. नुसते चमचे नव्हे. काटे होते, साखर उचलायचा एक चिमटा होता, एक लहानशी तिरकी किटली होती आणि पात्याला धार नसलेल्या, वर नक्षी काढलेल्या काही रुंद सुऱ्या होत्या. प्रत्येक वस्तूवर दोराच्या वर्तुळात एक निशाण आणि त्याखाली बारीक अक्षरांत एका जहाजाचं नाव. ते जहाज एके काळी मुंबईहून विलायतेला जायचं आणि फार प्रसिद्ध होतं, म्हणजे ज्यांना जहाजं माहीत असतात त्यांच्यात. सोलापुरात ते प्रसिद्ध होतं ते आमच्या गल्लीपुरतं, आणि ते आत्यामुळं.

आत्याचे यजमान अक्कलकोटच्या बाजूचे. शेती आवडेना म्हणून घरातून पळून मुंबईला गेले आणि त्या जहाजावर लागले. काय म्हणून लागले, यावर घरात दोन मतं होती. आत्या म्हणायची, कप्तानाच्या हाताखाली. बाबा एकदा आईशी बोलताना म्हणाले होते, भांडी धुवायला. दोन्ही खरं असू शकतं, कारण जहाजावर सगळेच शेवटी कप्तानाच्या हाताखाली असतात. ते दारू प्यायचे, पत्र पाठवायचे नाहीत, आणि लग्नानंतर थोड्याच वर्षांत मुंबईत तापानं गेले. मागं मूल नव्हतं. आत्या भावाच्या घरी परत आली ती एक पत्र्याची ट्रंक घेऊन. ट्रंकेत दोन नऊवारी आणि हे सगळं.

त्या माणसाबद्दल आमच्या घरात सांगण्यासारखी एकच चांगली गोष्ट होती, ती म्हणजे हे चमचे. जहाजाच्या कप्तानानं त्यांच्या लग्नात हा चांदीचा आहेर दिला, इतका त्यांच्यावर जीव होता. ही हकीकत आत्या प्रत्येक नव्या माणसाला सांगायची, आणि ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर शंका दिसली तर वस्तू उलटी करून दाखवायची. “नाव हाय की त्याच्यावर.”

यावर कुणाला काही बोलता येत नसे. आमच्याकडे भांड्यावर नाव असतं ते देणाऱ्याचं. लग्नात, बारशाला, वास्तुशांतीला जे भांडं द्यायचं ते दुकानातून तसंच उचलून आणत नाहीत. दुकानाच्या पायरीवर नावं घालणारा बसलेला असतो, त्याच्यापुढं ते धरायचं. तो छिन्नी आणि हातोडी घेऊन टिकटिक करत तुमचं नाव, गाव आणि “यांजकडून सप्रेम भेट” असं ठिपक्यांनी उठवतो. मग ते भांडं पुढं कितीही घरं फिरलं तरी देणारा कोण ते फिरत नाही. आमच्या घरात पाण्याच्या घंगाळावर आजोळ होतं, परातीवर बाबांचे चुलते होते, आणि एका लहानशा वाटीवर असे एक गृहस्थ होते की ज्यांच्याशी आमचं बोलणं बंद होऊन कित्येक वर्षं झाली होती. त्यांच्या वाटीत आम्ही रोज चटणी काढून घ्यायचो. अशा घरात चमच्यावर जहाजाचं नाव आहे म्हटल्यावर तो कुणी दिला हा प्रश्नच उरत नव्हता.

मागच्या बाजूला चार इंग्रजी अक्षरं होती: ई, पी, एन, एस. ती कप्तानाची आद्याक्षरं, हे बाबांनी ठरवलं होतं. आडनाव एसवरून, असंही ते म्हणत.

मी चौथी-पाचवीत असताना हे सगळं माझ्यापुरतं संपलं. आमच्या शाळेत जेवायच्या मोठ्या खोलीतले चमचे साधेच होते, पण प्रत्येकाच्या दांड्यावर शाळेचं नाव ठोकलेलं होतं. एका मुलीनं सिस्टरना विचारलं, नाव कशाला? सिस्टर म्हणाल्या, कुणी चुकून घरी नेऊ नये म्हणून. “चुकून” हा शब्द त्यांनी असा उच्चारला की आम्ही सगळ्याच चमच्यांकडे बघायला लागलो.

त्या संध्याकाळी मी घरी येऊन जहाजाचा चमचा हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले. आत्या शेजारी चिंचेच्या कोळानं दुसरा चमचा घासत होती. म्हणाली, “वाच की, इंग्रजीत हाय.” मी वाचलं. जहाजाचं नाव वाचलं, तिला फार बरं वाटलं.

नंतर शाळेतल्याच एका गृहशास्त्राच्या पुस्तकात टेबल मांडण्याचं चित्र सापडलं आणि त्या रुंद, बोथट सुऱ्या कशाच्या ते कळलं. त्या मासे खायच्या होत्या. आमच्याकडे मासे तर सोडाच, अंडंसुद्धा उंबऱ्याच्या आत येत नसे. त्या सुऱ्यांनी आत्या सणासुदीला पोळीवर तूप पसरायची, आणि पहिली पोळी नैवेद्याची असायची. ई.पी.एन.एस. म्हणजे कुणी कप्तान नव्हे, ती चांदीचा मुलामा दिलेल्या धातूची खूण, हेही त्याच पुस्तकाच्या शेवटी होतं. मुलामा एव्हाना चिंच आणि रांगोळीच्या पुडीनं निघत चालला होता आणि कडांना आतला पिवळसर धातू दिसायचा. आत्या म्हणायची, जुनी चांदी अशीच मोहरते.

मी काही बोलले नाही. मला बोलायची सवयच नव्हती. घरात कन्नड आणि मराठी चालायची, शाळेत इंग्रजी, आणि मी तिन्ही भाषांत गप्प बसायला शिकले होते. बाबांनी दुकानातून वेळ काढून, नातेवाइकांचे टोमणे ऐकून मला कॉन्व्हेंटात घातलं, आणि त्यांच्या हाती जी मुलगी आली ती विचारल्याखेरीज बोलत नसे आणि विचारल्यावर फारच थोडं बोले. आई म्हणायची, एवढं इंग्रजी शिकून कुणासाठी साठवून ठेवलंय.

आणि बोलून करायचं काय? आत्या विधवा होती. गल्लीत हळदीकुंकू असलं की तिला बोलावणं नसे, पण तिचे चमचे मागून नेत. कुणाकडे साहेब जेवायला येणार असला की चमचे आधी आणि आत्याची चौकशी नंतर. ती ते कापडात गुंडाळून द्यायची आणि परत आल्यावर एकेक पुसून आत ठेवायची. आईशी तिचं फारसं जमत नसे. पण आईसुद्धा पाहुण्यांपुढं “आमच्या वन्संचा आहेर” म्हणून ते अभिमानानं मांडायची. चमचे नसते तर आत्या आमच्याकडे राहणारी एक बाई झाली असती. चमच्यांमुळं ती कुणाची तरी बायको होती. तिला स्वतःला खरं काय ते माहीत होतं का, हे मला आजही सांगता येणार नाही. एकदा, ट्रंक उघडून बसलेली असताना, ती स्वतःशीच म्हणाल्यासारखी म्हणाली होती, “दर खेपेला कायतरी घेऊन यायचे.” मग माझ्याकडे बघून लगेच म्हणाली, “कप्तान द्यायचा.”

यातली खरी गंमत बाबांची होती. त्यांचं दुकान चादरी आणि टॉवेलचं. लॉजवाले, दवाखानेवाले यायचे आणि त्यांची नावं विणलेले टॉवेल मागवायचे. नाव छापून घेऊ नका, विणून घ्या, असं बाबा प्रत्येक गिऱ्हाइकाला पटवून द्यायचे. छापलेलं धुऊन निघतं, विणलेलं असलं की टॉवेल कुणाच्या पिशवीत गेला तरी ओळखू येतो. हे ते दुकानात सांगायचे, मग घरी येऊन जहाजाच्या चमच्यानं ताक-भात खायचे.

त्या दिवशी मुलाकडची मंडळी येणार म्हणून चमचे आदल्या दिवसापासून घासून ठेवले होते. मुलगा पुण्याला कारखान्यात इंजिनिअर होता. मामा मुंबईला गोदीत मोठ्या हुद्द्यावर होते, आणि मुलाचे वडील नसल्यानं बोलणी तेच करणार होते. त्यांना जुन्या जहाजांच्या वस्तू जमवायचा नाद आहे, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर आईनं चमचे आणखीच घासले असते.

मी ताट घेऊन बाहेर गेले. पेले ठेवले, नमस्कार केला, आणि सांगितलेल्या खुर्चीवर बसले. माझं शिक्षण बाबांनी सांगितलं, माझ्या आवडी आईनं सांगितल्या. मुलानं मला एक प्रश्न विचारला त्याचं उत्तरही बाबांनीच दिलं.

मुलाची आई मोकळी बाई होती. पाणी पिऊन झाल्यावर, आई शिऱ्याच्या बश्या मांडत असताना, तिनं तांब्या उचलून फिरवला आणि नाव वाचायला लागली. “हे कोण म्हनायचे तुमचे? टेंभुर्णीचे दिसत्यात.”

“मावसभाऊ माझे,” आई म्हणाली.

“तितं आमची बी सोयरीक हाय की,” असं म्हणून तिनं शिऱ्याची बशी उलटी करता येत नाही म्हणून वाकून खालून बघितली. तिनं आमच्या घरचे निम्मे नातेवाईक अशाच रीतीनं बसल्या जागी ओळखून काढले. मग चमच्याकडे वळली. “आणि हे इंग्रजी कुनाचं म्हनायचं?”

बाबांना हेच हवं होतं. “ते आमच्या ताईचं. बोलावतो तिला, तीच सांगंल.”

एरवी अशा प्रसंगी आत्या आतच थांबायची. मुलगी बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तिनं येऊ नये, हे तिला कुणी सांगावं लागत नसे. पण चमच्यांची गोष्ट तिच्याशिवाय कुणाला सांगता येत नव्हती. ती पडद्याच्या अलीकडे, दाराच्या चौकटीशी येऊन उभी राहिली, पदर नीट केला आणि सुरुवात केली. कप्तान, त्याचा जीव, लग्नातला आहेर. तिचा आवाज बाहेरच्या खोलीत क्वचित ऐकू यायचा. त्या दिवशी तो थेट रस्त्यापर्यंत गेला असणार.

मुलाची आई म्हणाली, “नशीबवान बाई हाय तुमी.” विधवेला असं कुणी म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं. आत्या थोडी हसली.

मामा चिमटा हातात घेऊन उघडझाप करत होते. ते बाबांना म्हणाले, “माझ्याकडे काचेचं कपाट आहे. ह्याच जहाजाचा सुपाचा चमचा आहे माझ्याकडे. मेनूकार्ड आहे. पण चिमटा कुठं मिळाला नव्हता. जहाज तर भंगारात गेलं.” मग जरा थांबून, “हा संच मुलीबरोबरच येणार ना?”

“म्हणजे काय, तिच्यासाठीच ठेवलाय,” आत्या म्हणाली. “तिचं नाव घालून देणार हाय त्याच्यावर.”

“नाही नाही,” मामा घाईनं म्हणाले. “नाव अजिबात घालू नका. किंमत जाईल त्यांची.”

आत्याला ते कळलं नाही. नावानं किंमत जाते असं तिनं कधी ऐकलं नव्हतं. तिनं विचारलं, “तुमचा चमचा कुनी दिला तुमाला?”

“दिला म्हणजे... मिळाला. गोदीतल्या एका माणसाकडनं.”

“मग त्याचं नाव घातलंय का?”

“त्याचं कसं असेल? जहाजाचं आहे.” मामा हसले आणि भाच्याकडे बघितलं. भाचाही हसला, मघासारखाच. मग मामांनी चिमटा ताटात ठेवला आणि बाबांकडे वळून, लहान मुलाला समजावतात तसं मराठीत म्हणाले, “तुम्ही तर टॉवेलवाले. लॉजच्या टॉवेलवर लॉजचं नाव का असतं हो?”

बाबा सवयीनं म्हणाले, “कुणी नेला तर ओळखू...” आणि थांबले.

बाबांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मी बघितलं. त्यांनी आधी चमच्याकडे बघितलं, मग आत्याकडे बघणं टाळून खिडकीकडे. इतकी वर्षं जे दुकानात होतं आणि घरात नव्हतं, ते त्या एका अर्ध्या वाक्यात घरी आलं. आईला अजून काही कळलं नव्हतं, ती सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होती. आत्या दारात तशीच उभी होती. तिचा हात चौकटीवर होता.

“न्हाई, म्हणजे काय म्हणायचंय तुमाला?” आत्यानं विचारलं.

मामा वाईट माणूस नव्हते. त्यांना फक्त बरोबर असायचं होतं. ते म्हणाले, “बाई, तसं नसतं हो. साहेबाच्या पद्धतीत वस्तूवर नाव असतं त्याचा अर्थ निराळा. मी सांगून तुम्हाला पटणार नाही. तुमची भाची कॉन्व्हेंटात शिकलेली आहे, तिलाच विचारा.” आणि माझ्याकडे वळून इंग्रजीत, अगदी स्पष्ट उच्चार करत, “तुला ठाऊकच असेल. सांग तुझ्या आत्याला, चमच्यावर जहाजाचं नाव असलं तर त्याचा अर्थ काय?”

ही माझी परीक्षाही होती हे मला कळलं. इंग्रजी येतं की नाही ते आता दिसणार होतं. मुलगा पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघत होता. बाबा खिडकीबाहेर बघत होते, जणू तिथं कुणी गिऱ्हाईक आलं होतं.

“व्हय, तिला विचारा की,” आत्या म्हणाली. तिला जराही भीती वाटली नव्हती, किंवा वाटली असली तरी तिनं ती आवाजात येऊ दिली नाही. “तिला समदं वाचता येतं. तिनं लहानपणीच वाचून दाखवलंय मला.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला सिस्टरांचा तो “चुकून” आठवला. माझ्याकडे उत्तर होतं, व्याकरणशुद्ध होतं, इंग्रजीत होतं, आणि शाळेच्या फीचा एक-एक रुपया वसूल करणारं होतं. ते उत्तर दिलं असतं तर मामांना मी पसंत पडले असते. आणि आत्या पडद्याच्या आत गेली असती, ती पुन्हा बाहेरच्या खोलीत आली नसती.

मी ताटातला चिमटा उचलला, पदरानं पुसला आणि आत्याच्या हातात नेऊन दिला. मग परत येऊन बसले. मामांनी इंग्रजीत विचारलं होतं. मी मराठीत, दारापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाले,

“भांड्यावर देणाऱ्याचं नाव असतं. जहाजाचं नाव आहे, म्हणजे जहाजानं दिलं. शिरा घ्या मामा, गार होतोय.”